लायसन फक्त ठाणे जिल्ह्यापुरतं

माझ्या भावाने रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हा सगळ्यात आधी बदलली ती त्याची शर्ट घालायची पद्धत. त्याआधी दादा शर्ट बाहेर सोडायचा, आमच्या चांदीप गावातल्या बहुतेक पुरुषांसारखा. लायसन हातात पडल्यावर तो शर्ट खोचायला लागला. उजव्या बाजूला जरा जास्त ओढून खोचायचा, म्हणजे कमरेचं तपकिरी चामड्याचं कव्हर आणि त्यातून डोकावणारी काळी मूठ समोरच्याला नीट दिसावी. सकाळी आरशासमोर उभा राहून हे चालायचं. मी शाळेत जायच्या घाईत, वेणी घालायला मला आरसा हवा, आणि हा महापुरुष कंबर डावीकडे वळवून बघतोय, उजवीकडे वळवून बघतोय. मला शिसारी यायची. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही येते आहे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडील जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. घरात आई, दादा, ताई आणि मी. ताई मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती, मी माणिकपूरच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. विरारच्या बाजूला आमचा भाताचा एक तुकडा होता, तो बिल्डरला गेला. मग आमच्या अंगणात सुमो आली, दादाच्या गळ्यात साखळी आली आणि मागोमाग कमरेला ते आलं. जमीन विकलेल्या माणसाचा त्या काळात आमच्याकडे हाच ठरलेला क्रम होता. कुणाच्या हळदीला जा, मांडवात पुढच्या खुर्च्यांवर असे चार-पाच जण पाय फाकवून बसलेले असायचे. बसताना हात कमरेकडे न्यायचे, वस्तू जरा सरकवायचे आणि मग टेकायचे. गरोदर बाई बसताना पोट सांभाळते तसं. आणि यांना पहिली पंगत, यांना आग्रह, यांना नारळ. यांनी आयुष्यात काय केलं होतं, तर बापाने राखलेली जमीन विकली होती.

दादापेक्षाही मला लोकांची किळस यायची. कमरेला मूठ दिसली की माणसं पाठीच्या कण्यातून वाकायची. विरार स्टेशनबाहेरचा हॉटेलवाला आधीच्या गिऱ्हाइकाला उठवून याला टेबल द्यायचा. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला दादा आला, तेव्हा पालकांसाठी मांडलेल्या खुर्च्या सोडून त्याला पाहुण्यांच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. नाटुकलं चालू होतं आणि निम्मी मुलं स्टेजकडे पाठ करून त्याच्या कमरेकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, तुमचे दादा पोलीस आहेत?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग त्यांना पोलीस पकडत नाहीत?" मी तिला पाढे लिहायला बसवलं.

पकडणार कसे? लायसन होतं. दादाचं हे पालुपदच होतं. आई म्हणायची, जेवताना तरी ते कमरेचं काढ, तर म्हणायचा, "लायसनचा हाय, चोरीचा नाय." लायसन प्लास्टिकच्या पाकिटात घालून खिशात. कुणी विचारो न विचारो, तो ते काढून दाखवायचा. निवडणूक लागली की लायसनवाल्या सगळ्यांना हत्यार पोलीस चौकीत जमा करावं लागायचं. त्या महिन्या-दीड महिन्यात दादा लग्नाला जायचा नाही, साखरपुड्याला जायचा नाही, अंगात कसकस आहे म्हणून घरी पडून राहायचा. शर्ट पुन्हा बाहेर. आम्ही बहिणी हसायचो. ताई म्हणायची, "ह्यांचा नवस आहे, निकाल लागेपर्यंत कडक उपास."

पण ते लायसन मिळालं कसं, ते आठवलं की हसू पळतं. आपल्या जिवाला धोका आहे असं अर्जात दाखवावं लागतं. दादाच्या जिवाला धोका कसला, विरारच्या वड्यांच्या तेलाचा असला तर. पण अर्जात कुणाचं तरी नाव हवं होतं, म्हणून त्याने आमच्या काकांचं नाव दिलं. वडील असताना काकांचं आणि आमचं बांधावरून एकदा वाजलं होतं आणि वडिलांनीच ते मिटवलंही होतं. वडील गेले त्या वर्षी आमची लावणी काकांनी आपली माणसं लावून करून दिली होती. त्या माणसाला चौकीत बोलावून विचारलं, पुतण्याला जिवे मारायची धमकी दिलीस का. काका तिथून सरळ आमच्याकडे आले. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आईला म्हणाले, "वयनी, मी आसा काय केला?" आईने चहा दिला, तो त्यांनी प्यायला. नंतर ते आमच्या घरी आले नाहीत. दादाला विचारलं तर म्हणाला, "फॉर्मवर काय तरी लिवावा लागते. काका काय फासावर नाय गेले."

पुढे जमिनीच्या दुसऱ्या तुकड्याचा व्यवहार निघाला. त्या कागदावर आम्हा दोघी बहिणींच्या सह्या हव्या होत्या, आमचा हक्क सोडल्याच्या. दादा कागद घेऊन टेबलाशी बसला, कमरेचं काढलं आणि कागदांशेजारी ठेवलं. बसलं की टोचतं म्हणाला. टोचत असेलही. त्याने धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही, उलट आमच्यासाठी खारे शेंगदाणे आणले होते. मी काही न वाचता सही केली. ताईने चारही पानं वाचली आणि म्हणाली, "दादा, ते उचल टेबलावरून. मग करते."

तो हसला. "लायसनचा हाय. तुला काय चावतंय ते?"

ती पेन धरून बसून राहिली. तो शेंगदाणे खात राहिला. ते त्याने उचललं नाही. शेवटी आई चुलीपाशून म्हणाली, "कर गो बाय सही, भाकऱ्या निवल्या." आणि ताईने केली. पुढच्याच महिन्यात तिने आखातातल्या नोकरीसाठी अर्ज भरला.

आईने तिच्याशी बोलणं टाकलं. ताई तिशीची, लग्न झालेलं नाही, आईच्या मनात एक स्थळ घोळत होतं, आणि ही निघाली समुद्रापलीकडे. जाण्याचं पक्कं झालं त्या दिवसापासून आई तिला ताटही माझ्या हातून पाठवायची. ताईही हट्टी. ती समजूत काढायला गेली नाही, बॅग भरत राहिली. मला मात्र दिसत होतं, की बॅगेतून एकदा काढलेलं लोणचं ती पुन्हा पुन्हा आत घालते आहे, आणि ते आईने घातलेलं लोणचं आहे.

निघायच्या सकाळी ताई आईच्या पाया पडली. आईने तोंड चुलीकडे केलं आणि म्हणाली, "निघ, उशीर होतंय." ताई डोळे पुसत सुमोत जाऊन बसली. मी आईवर चिडून आत गेले, तर ती स्टीलच्या डबीत दही भरत होती. डबीला फडक्याची गाठ मारली आणि ती आपल्या कापडी पिशवीत ठेवली.

"घरात का नाही दिलंस हातावर?" मी विचारलं.

"जवल जानाऱ्याला उंबऱ्याव देतात. लांब जानाऱ्याला येशीव. हिची येस तिकडं हाय, इमान उडतंय तिथं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला सांगू नको. तिथं बोलन मी तिच्याशी."

आमच्या गावात खरंच तसं होतं. मुलगी सासरी जाताना, कुणी पहिल्यांदा दूरच्या नोकरीला निघताना, घरातलं मोठं माणूस वेशीपर्यंत जायचं, हातावर दही ठेवायचं आणि मगच माघारी वळायचं. त्याआधी जे काही रुसवेफुगवे असतील ते तिथे संपवायचे. आईने साठ वर्षांत विमानतळ पाहिला नव्हता, पण तिच्या हिशोबात ती वेस होती. मला इतकं बरं वाटलं की मी सुमोत ताईशेजारी बसले आणि विनाकारण हसत राहिले. ताईने मला कोपर मारलं. तिला वाटलं, मी ती चालली म्हणून खूश आहे.

दुपारचं विमान होतं. दादा पुढे बसला होता, ड्रायव्हरशेजारी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवीकडे ओढून खोचलेला. महामार्गाला लागलो, खाडीचा पूल ओलांडला, दहिसरचा नाका गेला. दादाने सबंध रस्ताभर ताईला परदेशात कसं राहायचं ते सांगितलं. तो स्वतः नाशिकच्या पलीकडे गेलेला नव्हता.

विमानतळाच्या दाराशी उतरलो. तिथे ताईच्या एजंटचा माणूस बाकीच्या नर्सना एका खांबाजवळ गोळा करून कागद वाटत होता, ताई तिकडे गेली. दादा गाडीतून उतरला, कंबर सरळ केली, आणि कव्हर जरा पुढे ओढून सगळ्या विमानतळाला दर्शन दिलं. मिनिटभरात एक हवालदार आमच्याकडे चालत आला. मध्यम वयाचा, शांत चेहऱ्याचा.

"कुठले तुम्ही?"

"चांदीप. विरारचे," दादा म्हणाला आणि विचारायच्या आधीच पाकीट काढलं. "लायसन हाय आपल्याकडं."

हवालदाराने लायसन उलटसुलट करून वाचलं. "मी पण तिकडचाच. सोपाऱ्याचा. म्हणून सांगतो, नीट ऐका. हे ठाणे जिल्ह्यापुरतं आहे. तुम्ही आता मुंबईत उभे आहात. आणि मुंबईत पण कुठे, तर विमानतळावर."

दादा हसला. "वसई-विरार म्हंजे मुंबयच ना आता."

ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. आमची अर्धी वस्ती रोज मुंबईला नोकरीला जाते, आम्ही पत्ता सांगतानाही मुंबई लावतो, बाहेरगावी गेलो तर मुंबईचे म्हणून मिरवतो. तेव्हा वसई-विरार ठाणे जिल्ह्यात होतं, आणि दहिसरच्या नाक्यावर जिल्हा बदलतो हे कुणाच्या ध्यानीमनी नसायचं. चार वर्षं ते लायसन खिशात घालून हिंडणाऱ्या दादाने त्यावरची ती एक ओळ वाचलीच नव्हती. ती बाकीच्यांना दाखवायची वस्तू होती.

"साहेब राउंडला यायची वेळ झालीय," हवालदार म्हणाला. "त्यांनी बघितलं तर हत्यार जप्त, लायसन रद्द आणि तुम्ही आत. मी काही बघितलं नाही. गाडीत ठेवू नका, पार्किंगला गाड्या उघडून तपासतायत." एवढं बोलून तो गेला आणि आत जायच्या दरवाजापाशी जाऊन उभा राहिला.

मी दादाचा चेहरा बघितला. चार वर्षं मांडवामांडवात पुढच्या खुर्चीवर बसलेला तो चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. त्याने सुमोचं दार उघडून त्याच्या आडोशाला कव्हर सोडवलं, रुमालात गुंडाळलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुज्या पर्समधी टाक. तू मास्तरीन हायस, तुला कोन इचारनार?"

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. लहान मूल कडू औषध बघून घेतं तसे. मी म्हटलं, "मी नाही घेणार." हे मी बरोबरच केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण माझे हात मागे गेले आणि त्याने ते आईकडे वळवलं, हेही तितकंच खरं आहे.

आईने आधी दादाच्या तोंडाकडे बघितलं, मग दरवाजातल्या पोलिसाकडे. "आन हिकडं," म्हणाली आणि बाजारात भाजी घेताना धरायची तशी पिशवी उघडून धरली. त्याने ते दह्याच्या डबीवर ठेवलं, वर आईचा टॉवेल दाबला.

"भरलेला हाय," तो कुजबुजला. "पिशवी उगडू नको. खाली ठेवू नको. कोनाच्या अंगाला लागू देऊ नको. पोलिसाच्या जवल जाऊ नको. म्हाताऱ्या बाईला कोन तपासत नाय." आणि मग शर्ट बाहेर काढून तो आमच्यापासून वीस पावलांवर जाऊन उभा राहिला, जणू आम्ही कुणी त्याच्या नव्हतोच. मी त्या दिवसापर्यंत त्याच्यावर चिडत होते. त्या क्षणी चीडही गेली. मी त्याच्याकडे पाठ केली.

ताई कागद घेऊन परत आली. वेळ झाली होती, एजंटचा माणूस हाका मारत होता. दादाला तिने लांबूनच हात केला, कारण तो लांबच उभा होता. मग ती आईसमोर आली. आई पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता, आणि नजर ताईच्या खांद्यावरून पलीकडे, पोलिसावर.

"आई, येते मी."

आई म्हणाली, "हूं."

ताई पाया पडली. खाली वाकून तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. डोक्यावर हात यायची ती वाट बघत होती, हे मला कळत होतं. आईने उजवा हात पिशवीवरून जरासा उचलला, पिशवी एका बाजूला कलली, आत काहीतरी सरकलं असावं, आणि हात परत पिशवीवर गेला. ताई उठली. आठ दिवसांचा हट्ट तिने तिथेच टाकून दिला होता, तिचे डोळे वाहत होते, तिने दोन्ही हात पुढे केले आणि आईला मिठी मारायला गेली.

आई एक पाऊल मागे सरकली.

"जा, जा," ती म्हणाली. "उशीर होतंय."

ताईचे हात थोडा वेळ तसेच हवेत राहिले. मग तिने ते खाली घेतले आणि माझ्याकडे वळली. मी तिला घट्ट धरलं. माझं तोंड तिच्या कानाशी होतं. चार शब्दांचं काम होतं, पिशवीत दादाचं रिव्हॉल्व्हर आहे, बस्स. इतक्या हळू सांगता आलं असतं की माशीलाही कळलं नसतं. पण दरवाजात हवालदार होता, ताईचा आवाज मोठा होता, ती ऐकून गप्प बसणारी नव्हती, दादाला धरतील, घराची शोभा होईल, हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हटलं, "पत्र लिही." ती ढकलगाडी ढकलत गेली. दारातून तिने वळून बघितलं. आई पिशवी धरून तिथेच उभी होती.

परतीच्या वाटेवर आई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. दहिसरचा नाका ओलांडला आणि दादाने मागे हात केला. "दे आता. आपला जिल्हा आला." आईने पिशवी उघडली. डबीचं झाकण सुटलं होतं, टॉवेल भिजला होता, कव्हरला दही लागलं होतं. दादा चिडला. "आये, तुला धड धरता पन येत नाय? चामड्याचा हाय ता, खराब होते." त्याने आईच्याच टॉवेलच्या कोरड्या टोकाने ते पुसलं, शर्ट खोचला, कमरेला बांधलं, आणि पुढच्या ढाब्यावर गाडी थांबवायला लावली. भूक लागली होती म्हणे. तिथे टेबलावर ते समोर ठेवून तो जेवला. ढाबेवाल्याने स्वतः येऊन वाढलं. आई आणि मी गाडीतून उतरलो नाही.

"काय झाला काय?" परत येताना तो दात कोरत म्हणाला. "काय पन नाय झाला. उगाच घाबरवतात लोकांना."

तीन आठवड्यांनी ताईचं पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून रविवारी सगळे घरात असताना मी मोठ्याने वाचलं. खोली कशी आहे, सोबतच्या मुली कुठल्या आहेत, उकाडा किती आहे. लोणचं कस्टमवाल्यांनी जाऊ दिलं. मग शेवटी लिहिलं होतं, "आईला विचार, एवढं काय होतं पिशवीत, की मला जवळ घ्यायला ती खाली ठेवता आली नाही. राग असला तर राग आहे म्हणून कळव. पण कळव."

मी थांबले. दादा म्हणाला, "पुढं वाच." पुढे काही नव्हतंच. मी तीच ओळ पुन्हा वाचली, जरा जास्त मोठ्याने. माझं बंड तेवढंच.

आईने पदराने तोंड पुसलं आणि दादाला म्हणाली, "तू लिव ह्याचा उत्तर. तुज्या हातानं."

मला वाटलं, आता हा माणूस निदान एवढं तरी करेल. त्याने कागद घेतला, पेन झटकलं, दोनच ओळी लिहिल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. लिहिलं होतं, "आईच्या पिशवीत दही होतं. सांडेल म्हणून पिशवी सोडली नाही, गैरसमज नसावा."

मी ते आईला वाचून दाखवलं. मला खात्री होती की ती कागद फाडायला सांगेल. दादा उठून आरशापुढे गेला होता. मग आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लिवला तसाच पाठव. तिकडं एकली पोर, तिच्या डोक्याला कशाला घोर. आन ह्याचाबी नाव कागदाव नको." दही होतं हे तर खोटं नव्हतं, असंही म्हणाली. मग उठून भांडी घासायला गेली, आणि भांडी मोरीत नेहमीपेक्षा जोरात आपटत राहिली.

परदेशी पत्त्याची इंग्रजी अक्षरं घरात मलाच नीट काढता यायची. पाकिटावर मी पत्ता लिहिला, सोमवारी शाळेत जाताना माणिकपूरच्या पोस्टात टाकलं. आणखी एक चिठ्ठी आत घालता आली असती. रिक्षास्टँडपासून पोस्टापर्यंत चालताना माझी ती मनातल्या मनात लिहूनही झाली होती. पण टाकलं ते दादाचंच पत्र.

ताईची पत्रं त्यानंतरही येत राहिली. उकाडा, ड्यूटी, सोबतच्या मुली. आईला नमस्कार. पिशवीचं तिने पुन्हा कधी विचारलं नाही. आम्हाला हायसं वाटलं, निदान मला तरी.

दोन वर्षांनी ती सुट्टीवर आली. तारीख कळवली नव्हती. दुपारी टॅक्सी येऊन अंगणात उभी राहिली, तेव्हा आई सुपात तांदूळ निवडत होती. सूप टाकून ती धावली, ताईला मिठी मारली, गालांवरून हात फिरवले, ओक्साबोक्शी रडली. ताईनेही तिला धरलं, थोपटलं, इस्पितळात रडणाऱ्या बाईला थोपटतात तसं. दादा आला, तिने त्याला घड्याळ दिलं. त्याने ते डाव्या हातावर चढवलं आणि उजव्या हाताने कंबर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी विहिरीवर कपडे धूत होतो. मला ते आणखी एक दिवसही पोटात ठेवणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. हवालदार, लायसनवरची ओळ, मागे घेतलेले हात, भरलेलं रिव्हॉल्व्हर, दह्याची डबी आणि आईने ते कुठे द्यायचं ठरवलं होतं, ते सगळं. ताई साडी आपटत ऐकत होती. दह्याचं सांगितलं तेव्हा तिचा हात थोडा वेळ थांबला.

"बाकीचं मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "गाडीतून उतरताना दादाच्या कमरेला होतं, मी कागद घेऊन आले तेव्हा नव्हतं. शर्ट बाहेर. आणि आई पिशवी अशी धरून उभी. एवढं न कळायला मी काय बाळ होते?"

"मग पत्रात का विचारलंस?"

"मुद्दाम विचारलं. म्हटलं, बघू तरी, घरातलं कुणी खरं लिहितंय का." तिने साडीचं एक टोक माझ्या हातात दिलं, आम्ही दोघींनी मिळून पिळा घातला. पाणी गळायचं थांबेपर्यंत ती पिळत राहिली. मग म्हणाली, "पत्र आलं तेव्हा उघडायच्या आधी मला इतका आनंद झाला होता. पाकिटावर अक्षर तुझं होतं ना."